एका सेंटची लढाई : व्हायोला डेसमंड



आज मी तुम्हांला एका बाईंची हकीकत सांगणार आहे. त्यांचे नाव व्हायोला डेसमंड. त्या आपल्या देशातल्या नव्हत्या. त्या कॅनडा देशातल्या होत्या. जगाच्या नकाशात उत्तर अमेरिका खंड बघा. त्याच्या वरच्या बाजूला कॅनडा आहे. तिथल्या १० डॉलरच्या नोटेवर या बाईंचे चित्र आहे. नोटेवर चित्र छापतात म्हणजे ते माणूस मोठेच असणार. पण याच बाईंना एकदा पोलिसांनी उचलून नेले होते आणि रात्रभर कोठडीत ठेवले होते. कशासाठी? तर एका सेंटसाठी! सेंट म्हणजे तिथला पैसा. आपल्याकडे १०० पैशांचा १ रुपया होतो, तसा तिथे १०० सेंटचा १ डॉलर होतो. एवढ्याशा एका सेंटसाठी कुणाला कोठडीत टाकतात का? मलासुद्धा आधी खरे वाटले नाही. ते कसे झाले ते आता ऐका.

व्हायोलाबाईंचा जन्म ६ जुलै १९१४ रोजी हॅलिफॅक्स या शहरात झाला. हॅलिफॅक्स हे समुद्रकाठचे मोठे बंदर आहे. ते नोव्हा स्कोशिया या प्रांतात येते. प्रांत म्हणजे आपल्याकडे जसे राज्य असते तसे. त्यांच्या वडिलांचे नाव जेम्स डेव्हिस व आईचे नाव ग्वेंडोलिन. वडील काळ्या वर्णाचे होते व आई गोरी होती. घरात भावंडे पुष्कळ होती. वडिलांनी केस कापण्याचा धंदाही केला होता.

नोव्हा स्कोशियात काळे लोक फार वर्षांपासून राहत आले आहेत. १७८३ साली अमेरिकेतून पुष्कळ काळी माणसे तिथे येऊन राहिली. म्हणजे ती तिथली जुनीच माणसे. तरी गोरे लोक त्यांना आपल्या बरोबरीचे मानत नसत. काळ्या मुलांच्या शाळा कितीतरी ठिकाणी वेगळ्या होत्या. काही दुकानांत आणि हॉटेलांत त्यांना घेत नसत. याला वर्णभेद म्हणतात. वर्ण म्हणजे रंग. रंग बघून माणसामाणसांत भेद करायचा, तो वर्णभेद.

व्हायोलाबाई शिकल्या. आधी त्या काळ्या मुलांच्या शाळेत बाई म्हणून शिकवत होत्या. पण त्यांच्या मनात दुसरेच होते. त्यांना बायकांच्या केशभूषेचा धंदा शिकायचा होता. त्या वेळी अमेरिकेत मॅडम सी. जे. वॉकर नावाच्या काळ्या बाई होऊन गेल्या होत्या. त्यांनी काळ्या बायकांच्या केसांसाठी तेले व औषधे तयार करून मोठा धंदा उभा केला होता. व्हायोलाबाईंना वाटले, आपणही असे करावे. पण हॅलिफॅक्समध्ये हा धंदा शिकवणाऱ्या शाळा काळ्या मुलींना घेत नव्हत्या. मग काय करणार? त्या रडत बसल्या नाहीत. त्या दूर माँट्रिअल शहरात गेल्या. तिथे एक शाळा काळ्या मुलींना घेत होती. पुढे अमेरिकेत अटलांटिक सिटी आणि न्यूयॉर्क इथे जाऊन त्यांनी आणखी शिक्षण घेतले.

१९३६ साली जॅक डेसमंड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. जॅक यांचे हॅलिफॅक्समध्ये कटिंगचे दुकान होते. व्हायोलाबाईंनी त्याच शहरात गॉटिंजन रस्त्यावर बायकांच्या केशभूषेचे दुकान काढले. दुकान चांगले चालू लागले. पोर्शिया व्हाइट नावाच्या मोठ्या गायिकासुद्धा त्यांच्याकडे येत असत.

पण व्हायोलाबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. आपल्याला जी अडचण आली ती दुसऱ्या मुलींना येऊ नये असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी स्वतःच केशभूषेची शाळा काढली. ज्या मुलींना रंगामुळे दुसरीकडे घेत नसत त्या मुली तिथे येत. बाहेरच्या प्रांतांतूनही मुली येत. शिकून झाल्यावर त्या आपापल्या गावी दुकान काढत आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहत. व्हायोलाबाई पावडर वगैरे मालही तयार करून गावोगाव विकत. त्यासाठी त्यांनी मोटार घेतली होती. त्या काळात बाई मोटार चालवत धंद्यासाठी फिरते, हे तिथेही थोडे नवलाचेच होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

८ नोव्हेंबर १९४६ हा दिवस होता. व्हायोलाबाई मोटार घेऊन सिडनीला निघाल्या होत्या. हे सिडनी ऑस्ट्रेलियातले नव्हे बरं का! नोव्हा स्कोशियातही एक सिडनी आहे. वाटेत न्यू ग्लासगो नावाच्या गावात त्यांची मोटार बिघडली. दुरुस्तीला वेळ लागणार होता. परक्या गावात वेळ कसा घालवायचा? त्यांनी विचार केला, सिनेमा बघू. त्यांना कामाच्या धबडग्यात असा मोकळा वेळ कधी मिळत नसे. त्या गावात रोझलँड नावाचे थिएटर होते. त्या तिथे गेल्या.

त्यांनी एक डॉलर पुढे केला आणि खालच्या जागेचे तिकीट मागितले. खिडकीवरच्या बाईने तिकीट दिले व मोड परत दिली. व्हायोलाबाई आत जाऊन खाली बसल्या. त्यांना लांबचे नीट दिसत नसे म्हणून त्या पडद्याच्या जवळ बसल्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बाल्कनीचे तिकीट महाग असते आणि खालचे स्वस्त. तिथे उलटे होते. खालचे तिकीट ४० सेंटला आणि वरच्या बाल्कनीचे ३० सेंटला.

इतक्यात तिकीट बघणारी बाई आली. तिने सांगितले की तुमचे तिकीट वरचे आहे, वर जा. व्हायोलाबाईंना वाटले चूक झाली असेल. त्या पुन्हा खिडकीपाशी गेल्या. म्हणाल्या की मला खालचे तिकीट द्या, जास्तीचे पैसे देते. तेव्हा खिडकीवरच्या बाईने सांगितले की तुमच्या लोकांना खालची तिकिटे द्यायला आम्हांला परवानगी नाही.

तुमच्या लोकांना म्हणजे कोणत्या लोकांना, हे व्हायोलाबाईंना लगेच कळले.

त्या थिएटरात तशी पाटी लावलेली नव्हती. काळ्या माणसांनी सिनेमात वरच बसावे असा त्या प्रांताचा कायदासुद्धा नव्हता. पण थिएटरवाले तसे वागत. गावातल्या लोकांना ते माहीत होते. व्हायोलाबाई बाहेरगावच्या, त्यांना माहीत नव्हते.

आता त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. मुकाट्याने वर जाऊन बसायचे, नाहीतर सिनेमा सोडून निघून जायचे, नाहीतर आपल्या जागेवर बसायचे. त्या शांतपणे आत गेल्या आणि खाली आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मग मॅनेजर आला. त्याने उठायला सांगितले. व्हायोलाबाईंनी सांगितले की मी खालच्या तिकिटाचे पैसे द्यायला तयार होते, पण तुम्ही तिकीट देत नाही. मला वरून नीट दिसत नाही. मॅनेजर ऐकेना. त्याने पोलीस बोलावला. मॅनेजर आणि पोलीस या दोघांनी मिळून त्यांना धरून उचलले आणि बाहेर काढले. व्हायोलाबाई उंचीने पाच फूटसुद्धा नव्हत्या. दोन मोठे पुरुष त्यांना ओढत होते. त्यांच्या पायातला एक बूट निघाला, पर्स पडली. कंबरेला आणि गुडघ्याला लागले.

तिथून त्यांना तुरुंगात नेले. आजूबाजूला पुरुष कैदी होते. सुमारे बारा तास त्या कोठडीत होत्या. त्या रात्री त्या झोपल्या नाहीत. पांढरे हातमोजे घालून ताठ बसून राहिल्या. मला हे फार आवडले. हातमोजे म्हणजे तिथल्या सभ्य बायकांचा पोशाख. कोठडीत टाकले तरी मी चोर नाही, असे जणू त्या न बोलता सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. त्यांना वकील नव्हता. वकील देता येतो हेही त्यांना कुणी सांगितले नाही. आता त्यांचा गुन्हा काय ठरवला ते ऐका. गणित आहे, नीट लक्ष द्या.

सिनेमाच्या प्रत्येक तिकिटात सरकारचा कर असे. खालच्या ४० सेंटच्या तिकिटावर कर ३ सेंट. वरच्या ३० सेंटच्या तिकिटावर कर २ सेंट. व्हायोलाबाईंकडे वरचे तिकीट होते आणि त्या खाली बसल्या. म्हणजे त्यांनी सरकारचा कर किती बुडवला? ३ वजा २ बरोबर १. एक सेंट! सरकारला एक सेंटने फसवले, हा त्यांचा गुन्हा. त्याबद्दल २० डॉलर दंड झाला. शिवाय खर्चाचे ६ डॉलर. एकूण २६ डॉलर. म्हणजे २६०० सेंट! भरले नाहीत तर एक महिना तुरुंग.

मी ही हकीकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटले, एक सेंटच तर होता, देऊन टाकायचा ना! पण मग लक्षात आले की त्या तर देतच होत्या. एक सेंट नव्हे, दहा सेंट जास्त द्यायला तयार होत्या. थिएटरवालेच घेत नव्हते. म्हणजे पैसे द्यायचे म्हटले तर घ्यायचे नाहीत आणि मग पैसे दिले नाहीत म्हणून पकडायचे. याला काय म्हणावे?

आणखी एक गोष्ट. त्या सकाळी कोर्टात काळा किंवा गोरा हा शब्दच कुणी काढला नाही. तो खटला वाचणाऱ्याला वाटेल की एका बाईने कर बुडवला आणि तिला दंड झाला. खरे कारण सर्वांना माहीत होते, पण ते कुणी लिहिले नाही.

व्हायोलाबाईंनी २६ डॉलर भरले आणि त्या हॅलिफॅक्सला परत आल्या. घरी त्यांनी सर्व सांगितले. त्यांचे पती जॅक न्यू ग्लासगोचेच होते. त्यांना ते थिएटर ठाऊक होते. त्यांचे म्हणणे पडले की झाले ते देवावर सोपवावे आणि गप्प राहावे. घरोघरी असेच सांगतात. भांडण वाढवू नको म्हणतात. पण व्हायोलाबाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी जखमा बघितल्या आणि वकिलाला भेटा असे सुचवले. त्यांच्या चर्चचे धर्मगुरू विल्यम ऑलिव्हर आणि त्यांच्या पत्नी पर्लीन ऑलिव्हर यांनीही त्यांना धीर दिला. नोव्हा स्कोशियातल्या काळ्या लोकांनी १९४५ साली आपली एक संघटना काढली होती. त्या संघटनेने वर्गणी गोळा केली.

न्यू ग्लासगोमध्ये कॅरी बेस्ट नावाच्या बाई राहत. त्यासुद्धा काळ्या. त्यांनी त्याच वर्षी क्लॅरियन नावाचे वर्तमानपत्र काढले होते. त्यांनाही काही वर्षांपूर्वी याच रोझलँड थिएटरात असाच त्रास झाला होता. त्याही कोर्टात गेल्या होत्या आणि हरल्या होत्या. त्यांनी व्हायोलाबाईंची बातमी आपल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापली. म्हणजे जे कोर्टाच्या कागदात नव्हते ते कॅरीबाईंनी वर्तमानपत्रात लिहिले.

फ्रेडरिक बिसेट हे गोरे वकील होते. त्यांनी व्हायोलाबाईंची बाजू घेतली. प्रकरण प्रांताच्या मोठ्या कोर्टात गेले. पण १९४७ साली व्हायोलाबाई तिथे हरल्या. कोर्टाचे म्हणणे असे की अपील करायची मुदत आणि रीत वेगळी होती, ती पाळली नाही. म्हणजे खरे काय खोटे काय हे बघायच्या आधीच दार बंद झाले. एका न्यायाधीशांनी मात्र शंका लिहून ठेवली, की कराचे निमित्त करून रंगाचा भेद चालवायचा हा डाव तर नव्हे ना. पण शंकेने निकाल बदलला नाही. बिसेट वकिलांनी आपली फी घेतली नाही. ते पैसे संघटनेच्या कामाला राहिले.

गोष्टीत शेवटी चांगले माणूस जिंकते. पण ही खरी हकीकत आहे. इथे व्हायोलाबाई हरल्या. त्यांचा संसारही पुढे मोडला. त्यांनी हॅलिफॅक्स सोडले. आधी माँट्रिअलला आणि मग न्यूयॉर्कला गेल्या. तिथेच ७ फेब्रुवारी १९६५ रोजी त्या वारल्या. तेव्हा त्यांचे वय फक्त ५० होते. त्यांना हॅलिफॅक्सच्या भूमीत पुरले. त्या गेल्या तेव्हा कागदावर त्या गुन्हेगारच होत्या.

पण हकीकत इथे संपत नाही. व्हायोलाबाईंना वांडा नावाची धाकटी बहीण होती. ताईला तुरुंगात टाकले हे वांडाबाईंना कळले तेव्हा त्यांना लाज वाटली होती. आता लोक काय म्हणतील, असे वाटले होते. हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केले आहे. पुष्कळ वर्षे गेली. सत्तरी उलटल्यावर वांडाबाई पुन्हा शिकायला कॉलेजात गेल्या! आपल्या आजीच्या वयाच्या बाई, आणि वर्गात बसून शिकत होत्या. एकदा शिकवताना गुरुजींनी व्हायोलाबाईंचे चित्र दाखवले. वांडाबाई म्हणाल्या की ही तर माझी बहीण! तेव्हापासून त्यांनी लाज टाकून दिली. शाळाशाळांत जाऊन त्या ताईची हकीकत सांगू लागल्या. मला वाटते, लाज व्हायोलाबाईंना वाटायची नव्हती, ज्यांनी ओढून नेले त्यांना वाटायची होती. पण अन्याय झाला की बहुधा ज्याच्यावर झाला त्याच्याच घरचे मान खाली घालतात.

वांडाबाईंच्या धडपडीला यश आले. १५ एप्रिल २०१० रोजी नोव्हा स्कोशियाच्या सरकारने व्हायोलाबाईंना निर्दोष ठरवले आणि माफी मागितली. नुसती शिक्षा माफ केली असे नाही, तर गुन्हा झालाच नव्हता असे लिहून दिले. त्या कागदावर सही करणाऱ्या मॅयान फ्रान्सिस याही काळ्या वर्णाच्या बाई होत्या. त्या त्या प्रांताच्या राज्यपालांसारख्या पदावर होत्या. पाहा, ज्या प्रांतात एका काळ्या बाईला खाली बसू देत नव्हते, तिथे एक काळ्या बाई सर्वांत मोठ्या खुर्चीवर बसल्या होत्या. पण या सहीला ६३ वर्षे उशीर झाला. व्हायोलाबाई ती बघायला नव्हत्या.

२०१८ साली व्हायोलाबाईंचे चित्र असलेली १० डॉलरची नोट निघाली. ती जांभळ्या रंगाची आणि उभी आहे. चित्रामागे हॅलिफॅक्सच्या त्या भागाचा नकाशा आहे जिथे त्यांचे दुकान होते. कॅनडाच्या रोजच्या वापरातल्या नोटेवर राणीशिवाय एकट्या बाईचे चित्र आधी आले नव्हते.

शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते. दंडाचे २६ डॉलर सरकारकडेच राहिले होते. एका शाळकरी मुलीच्या हे ध्यानात आले. माफी मागितली मग दंड का परत केला नाही? तिने सरकारला पत्र लिहिले. आणि २०२१ साली सरकारने खरोखर दंड परत केला. रक्कम वाढवून १००० डॉलर केली. वांडाबाईंनी ते पैसे स्वतः घेतले नाहीत. ज्या कॉलेजात त्या म्हातारपणी शिकल्या तिथल्या विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीला दिले. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, वांडाबाईही वारल्या.

मित्रांनो, या हकीकतीवरून मला एक कळले. अन्याय नेहमी पाटी लावून येत नाही. कधी तो एका सेंटच्या हिशेबामागे लपतो. हिशेब बरोबर असतो, ३ वजा २ बरोबर १. पण न्याय चुकलेला असतो. म्हणून कुणी कुणाला पंगतीत, एसटीत किंवा वर्गात बाजूला बस म्हणाले, तर नुसते कारण ऐकून गप्प बसू नये. खरे कारण काय आहे ते विचारावे. आणि आपल्या घरातले कुणी असे विचारायला उठले, तर त्याची लाज धरू नये.

व्हायोलाबाई त्या संध्याकाळी फक्त सिनेमा बघायला गेल्या होत्या. त्यांना पुढारी व्हायचे नव्हते. पण उठायची वेळ आली तेव्हा त्या उठल्या नाहीत. अशा या धीराच्या बाईंना माझे वंदन.

(इयत्ता ४ थी)